प्राण, प्राणवायू आणि शीतसहन : प्रवरेच्या खोऱ्यातील योगपरंपरेच्या निमित्ताने

१

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, सह्याद्रीच्या मुख्य धारेलगत भंडारदऱ्याचा परिसर आहे. प्रवरा नदी रतनगडाच्या डोंगरात उगम पावते आणि भंडारदऱ्यास, शेंडी गावाजवळ, १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाने अडविली जाते. तेथून ती अकोले, संगमनेर या गावांवरून वाहत नेवाशाकडे जाते आणि पुढे गोदावरीस मिळते. याच अकोले तालुक्यात दक्षिणेस हरिश्चंद्रगड आहे. तेथे उगम पावणारी मुळा नदीही नेवाशाच्या परिसरात प्रवरेलाच मिळते. मराठीतील योगविचाराचा इतिहास पाहणाऱ्यास हा भूगोल महत्त्वाचा वाटावा, असे कारण आहे. या जलव्यवस्थेच्या खालच्या टोकास, नेवाशास, शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्या सहाव्या अध्यायात श्वासनिरोधाचे आणि कुंडलिनीजागृतीचे मराठीतील सर्वांत विस्तृत असे प्राचीन वर्णन आहे. वरच्या टोकास, हरिश्चंद्रगडावर, शके १२३४, परिधावी संवत्सर (इ. स. १३१२) या काळात चांगदेवांच्या नावावरील ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ रचला गेला. दोन्ही ग्रंथ नाथपंथीय विचारांच्या छायेतील आहेत, आणि दोहोंमध्ये जेमतेम बावीस वर्षांचे अंतर आहे.

अलीकडे या डोंगराळ मुलखात आणि एकंदर महाराष्ट्रातच आरोग्यसाधनेचा एक नवा प्रकार प्रचारात आला आहे. जोराने व वारंवार श्वासोच्छ्वास करावा, मग श्वास रोखावा, आणि अत्यंत थंड पाण्यात शरीर बुडवावे, असे त्याचे स्थूल स्वरूप आहे. त्याच्या समर्थनार्थ सामान्यतः तीन विधाने केली जातात. पहिले असे की, या क्रियेने शरीरास प्राणवायू अधिक मिळतो. दुसरे असे की, थंडी सहन करण्याची शक्ती प्राणायामातून येते, व ही आपल्याकडील योग्यांची जुनी विद्या होय. आणि तिसरे असे की, असा अभ्यास केलेला मनुष्य हिमालयातील उंचीवर विरळ हवेस पुरून उरतो. ही तीनही विधाने एकाच परंपरेच्या नावाने केली जातात. त्या परंपरेचे मूळ आधार व आधुनिक मापने समोर ठेवून पाहिले असता प्रत्येकाचा निर्णय वेगळा लागतो, असे दिसून येईल.

२

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट ठरेल. कारण पहिल्या विधानातील घोटाळा बव्हंशी शब्दांनीच निर्माण केला आहे. ‘प्राणायाम’ या समासातील ‘आयाम’ हे पद ‘आ’ या उपसर्गासह ‘यम्’ धातूपासून सिद्ध होते. या धातूस ताणणे, लांबविणे असाही अर्थ आहे आणि आवरणे, नियमन करणे असाही आहे. आजकालच्या प्रचारात ‘प्राणाचा विस्तार’ हा पहिला अर्थ पुढे केला जातो. पतंजलींच्या योगसूत्रांत मात्र श्वास आणि प्रश्वास यांच्या गतीचा विच्छेद म्हणजे प्राणायाम, अशी व्याख्या आहे. तेथे अधिक हवा घेण्याची गोष्ट नसून, चालू असलेली गती थांबविण्याची गोष्ट आहे. ‘कुंभक’ हा शब्दही तेच सांगतो : भरलेला घट ज्याप्रमाणे निश्चल असतो, त्याप्रमाणे श्वास निश्चल करणे.

‘प्राणवायू’ या शब्दाचा प्रवास अधिक उद्बोधक आहे. जुन्या ग्रंथांत प्राण, अपान, व्यान, उदान आणि समान अशा पाच वायूंपैकी तो पहिला होय. शरीरातील व्यापार चालविणारी ती एक शक्ती आहे. वातावरणात मोजता येईल असे ते द्रव्य नव्हे. एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य रसायनशास्त्र मराठीत आणताना नव्या वायूंसाठी शब्द घडवावे लागले. त्या ओघात जीवनास आणि ज्वलनास आवश्यक असणाऱ्या ऑक्सिजनास ‘प्राणवायू’ हे नाव रूढ झाले. नाव सोपे होते, अर्थवाही होते, आणि पाठ्यपुस्तकांतून ते घरोघर पोहोचले. परंतु त्याबरोबर एक अनपेक्षित परिणाम घडला. ज्ञानेश्वरीतील प्राण आणि रसायनशाळेतील वायू यांना एकच नाव मिळाल्यामुळे, प्राणायाम म्हणजे ऑक्सिजन वाढविण्याची युक्ती, हे समीकरण मराठी वाचकास कोणीही न शिकविता सुचू लागले. इंग्रजीत हा घोटाळा युक्तिवादाने करावा लागतो; मराठीत तो शब्दातच तयार आहे.

लोकभाषेने मात्र वेगळा मार्ग धरला. श्वासासाठी तिने फारसीतून आलेला ‘दम’ हा शब्द आपलासा केला. दम लागणे, दम खाणे, दम धरणे, दमछाक, दमा हे सारे प्रयोग त्याच कुळातील आहेत. संस्कृत ‘दम’ म्हणजे इंद्रियनिग्रह. तो शब्द ‘शमदम’ या जोडीने मराठी संतवाङ्मयात आधीपासूनच वावरत होता. दोन भिन्न कुळांतील हे शब्द उच्चाराने एक झाले, आणि ‘दम धर’ या सांगण्यात श्वास आवरणे व मन आवरणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदू लागले. ‘प्राणवायू’च्या बाबतीत शब्दाने दोन निराळ्या गोष्टी एक केल्या व वाचकाची दिशाभूल झाली. ‘दम’च्या बाबतीत मात्र, योगशास्त्रास अभिप्रेत असलेला श्वास आणि संयम यांचा संबंधच बोलीने नकळत जपला, असे म्हणता येते.

३

ऑक्सिजनविषयीच्या समजुतीस प्रयोगाने छेद देण्याचे काम महाराष्ट्रातच झाले. स्वामी कुवलयानंद (जगन्नाथ गणेश गुणे, १८८३–१९६६) हे अमळनेर येथे अध्यापन केलेले, बडोद्यात माणिकरावांच्या व्यायामशाळेत घडलेले आणि मालसर येथील परमहंस माधवदासजी यांच्याकडे योग शिकलेले गृहस्थ होते. योगक्रियांचे प्रयोगशाळेत परीक्षण करण्यास त्यांनी बडोद्यात क्ष-किरणांच्या साहाय्याने आरंभ केला, आणि नौलीच्या वेळी पोटात वातावरणाहून कमी दाब निर्माण होतो हे दाखविले. गुरूच्या नावावरून त्यांनी त्यास ‘माधवदास व्हॅक्युम’ म्हटले. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन झाले व त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक निघाले. पुढे श्वसनातील वायूंची मापने करताना, प्राणायामाचे महत्त्व जादा ऑक्सिजन मिळण्यात आहे, ही लोकप्रिय समजूत त्यांनी स्वीकारली नाही. प्राणायामाचे फळ त्यांनी मुख्यतः नाडीसंस्थेवरील परिणामात आणि शरीरांतर्गत दाबांतील बदलांत शोधले. योगाच्या प्रचारास आयुष्य वाहिलेल्या व्यक्तीने, प्रचारास सर्वांत सोयीचे असलेले विधान मापनास उतरत नाही म्हणून बाजूस ठेवावे, ही गोष्ट या विषयाच्या इतिहासात विसरता येण्यासारखी नाही.

त्या निष्कर्षाचे कारण आज सहज समजावून देता येते. समुद्रसपाटीवर निरोगी माणसाच्या रोहिणीतील रक्तामधले हिमोग्लोबिन मुळातच सुमारे ९७ ते ९८ टक्के ऑक्सिजनने भरलेले असते. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतावे तसाच तेथे जोराच्या श्वसनाचा प्रकार होतो. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही. रक्तातील कार्बन डायऑक्साइड मात्र झपाट्याने घटतो. श्वास घेण्याची तीव्र निकड प्रामुख्याने याच वायूच्या वाढीमुळे निर्माण होत असल्याने, तो धुऊन टाकल्यावर श्वास अधिक काळ रोखता येतो. साधकास वाटते की ऑक्सिजनचा साठा झाला. वस्तुतः धोक्याची घंटा तेवढी बंद झालेली असते. शिवाय कार्बन डायऑक्साइड घटल्याने मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि डोके हलके होते. हीच क्रिया पाण्यात किंवा पाण्याकाठी केली असता सूचना न मिळता शुद्ध हरपते, आणि मनुष्य बुडतो. भंडारदऱ्यासारख्या खोल जलाशयाच्या काठी असे प्रयोग करू इच्छिणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवले पाहिजे. अतिशीत पाण्यात उतरताच पहिल्या एकदोन मिनिटांत अनावर धापा लागतात, हा धोका त्यात आणखी मिळतो.

वॉल्टर माइल्स यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उज्जायी, कपालभाती व भस्त्रिका या तीनही प्रकारांत ऑक्सिजनचा व्यय सुमारे १२ ते २५ टक्के वाढलेला आढळला. या वाढीचा अर्थ ‘लाभ’ असा करणे योग्य नव्हे. श्वसनाचे स्नायू अधिक राबले म्हणजे इंधनही अधिक लागते, हा त्यातला सरळ हिशेब आहे. याच्या उलट, दिल्लीत आनंद, छिना व सिंग यांनी १९६१ साली हवाबंद पेटीत बसलेल्या रामानंद योगी यांचे जे निरीक्षण प्रसिद्ध केले, त्यात ऑक्सिजनचा व्यय विश्रांतीच्या मूलभूत पातळीच्याही खाली गेल्याची नोंद आहे. पतंजलींच्या ‘गतिविच्छेदा’शी आणि कुंभकाच्या कल्पनेशी जुळणारा हा परिणाम आहे : अधिक मिळविणे नव्हे, तर कमी लागणे.

४

आता दुसरे विधान. थंडी सहन करणे ही भारतीय साधनापरंपरेत मान्यता पावलेली गोष्ट आहे, यात शंका नाही. प्रश्न इतकाच की, ती प्राणायामाचे अंग म्हणून मान्य होती काय? योगसूत्रांत शीतोष्णादी द्वंद्वांचा आघात न होणे हे फळ आसनजयाचे म्हणून सांगितले आहे. प्राणायामाची व्याख्या त्यानंतरच्या सूत्रात येते. व्यासभाष्यात द्वंद्वे सहन करणे याला ‘तप’ म्हटले आहे, आणि तप हे नियमांपैकी एक आहे. म्हणजे श्वास आणि शीतसहन ही या शास्त्रात दोन वेगळ्या पायऱ्यांवर उभी आहेत.

हठयोगाच्या ग्रंथांत तर हा भेद विरोधापर्यंत जातो. पंधराव्या शतकातील स्वात्मारामाच्या ‘हठप्रदीपिके’त नव्या साधकास ज्या गोष्टी वर्ज्य सांगितल्या आहेत, त्यांत पहाटेचे स्नान, उपवास आणि देहास क्लेश देणारे विधी यांचा स्पष्ट समावेश आहे, व हे मत गोरक्षाच्या नावे दिले आहे. साधकाची मठी वाऱ्याझोतापासून सुरक्षित असावी, हाही त्या ग्रंथाचा आग्रह आहे. ज्ञानदेवांनी सहाव्या अध्यायात अभ्यासाच्या जागेचे जे वर्णन केले आहे तेही असेच सौम्य आहे. तेथे दाट झाडी आहे, थोडे पण निर्मळ पाणी आहे, ऊन कोवळे आहे आणि वारा मंद झुळुकेपुरता आहे. आज ज्या नाथपंथाच्या नावाने बर्फाच्या पाण्यात उतरण्याचे समर्थन केले जाते, त्याच पंथाच्या अधिकारी ग्रंथांनी अशा देहदंडापासून साधकास दूर ठेवले आहे.

महाराष्ट्रात थंड पाण्याची साधना होती ती व्रताच्या आणि भक्तीच्या क्षेत्रात. कार्तिकस्नान आणि माघस्नान ही ऐन गारठ्यातील पहाटेची स्नाने घरोघर चालत. समर्थ रामदासांनी नाशिकजवळ टाकळी येथे बारा वर्षे नदीच्या पाण्यात उभे राहून जप केला, असे परंपरा सांगते. तेथेही साधन नामाचे आहे, श्वासाचे नाही. हरिश्चंद्रगडावरील केदारेश्वराच्या गुहेत भव्य शिवलिंगाभोवती कमरेइतके अत्यंत थंड पाणी साचलेले असते, आणि भाविक त्यातून प्रदक्षिणा घालतात. गडाशी निगडित असलेल्या चांगदेवांच्या आख्यायिकेत श्वासाचा भाग आहे : मृत्यू जवळ आला की प्राण ब्रह्मरंध्री चढवून ते काळाला चुकवीत आणि असे चौदाशे वर्षे जगले, असे ती सांगते. परंतु आख्यायिका तेथे थांबत नाही. इतके आयुष्य साधलेला हा योगी ज्ञानदेवांचे पासष्ट ओव्यांचे पत्र वाचून नम्र होतो आणि लहानग्या मुक्ताबाईस गुरू करतो. लोकमानसाने ही कथा श्वाससिद्धीच्या गौरवासाठी नव्हे, तर तिची मर्यादा दाखविण्यासाठी जपली आहे.

श्वास आणि उष्णता यांचा प्रत्यक्ष संबंध जोडणारी परंपरा अस्तित्वात नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. ती तिबेटात आहे. ‘तुम्मो’ या नावाने ओळखली जाणारी अंतराग्नीची साधना नारोपाच्या षड्योगांत मोडते, आणि तिच्यात श्वास घटाप्रमाणे भरून धरण्याची, म्हणजे कुंभकाचीच, क्रिया आहे. हठयोगाचा आज ज्ञात असलेला सर्वांत जुना ग्रंथ ‘अमृतसिद्धि’ बौद्ध वज्रयान वातावरणात निर्माण झाला, हे मॅलिन्सन व सांतो यांच्या २०२१ सालच्या चिकित्सक आवृत्तीने स्पष्ट झाले आहे. तेव्हा तिबेटी साधना आणि नाथपंथी हठयोग यांचे नाते चुलत भावंडांचे ठरते. हर्बर्ट बेन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली धर्मशाळेजवळील तीन भिक्षूंच्या हातापायांच्या बोटांचे तापमान साधनेच्या काळात ८.३ अंश सेल्सिअसपर्यंत वाढल्याचे नोंदविले. या साधनेत श्वासाबरोबरच ज्वालेचे ध्यानही अनिवार्य असते. १९५७ साली भारतात आलेल्या वेंगर व बागची यांना इच्छेनुसार कपाळावर घाम आणणारा एक योगी भेटला होता. हिमालयातील थंड गुहेत राहताना उष्णतेची कल्पना मनात धरण्याच्या अभ्यासातून ते कौशल्य त्यास साधले होते. आनंद, छिना व सिंग यांनी १९६१ साली ज्या दोन योग्यांचे हात ४ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ४५ ते ५५ मिनिटे ठेवलेले पाहिले, त्यांच्या मेंदूच्या आलेखात विश्रांतीच्या लहरी टिकून होत्या. येथे अंग तापल्याचा नव्हे, तर वेदनेने चित्त न ढळल्याचा पुरावा मिळतो, आणि जुन्या परिभाषेत त्याचे नाव ‘तितिक्षा’ असे आहे. सेल्वमूर्ती व सहकाऱ्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहा महिन्यांच्या योगाभ्यासानंतर १० अंशांच्या थंडीत हुडहुडी उशिरा भरू लागल्याचे आढळले. तोही अभ्यास आसनांसह समग्र योगाचा होता. आसनजयाने द्वंद्वे बाधत नाहीत, या सूत्रकारांच्या म्हणण्याशी तो विसंगत नाही.

५

तिसरे विधान उंचीचे. कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर भंडारदऱ्याच्या परिसरातच आहे व त्याची उंची १६४६ मीटर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ८२ टक्के असतो. वर पोहोचणाऱ्यास दम लागतो तो चढणीमुळे. उंचीचा आजार साधारणतः २५०० मीटरांच्या पुढे संभवतो. म्हणून कळसूबाईवर सिद्ध झालेली श्वासपद्धती हिमालयात सिद्ध झाली असे होत नाही. एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळावर, सुमारे ५३६० मीटरांवर, दाब जवळजवळ निम्मा होतो. सह्याद्रीत तयार झालेले मराठी गिर्यारोहक आता तेथे नियमाने जातात. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेच्या आठ जणांनी २०१२ साली एव्हरेस्टचे शिखर गाठले. त्यामुळे हा प्रश्न आता महाराष्ट्रापुरता तरी केवळ पुस्तकी राहिलेला नाही.

उंचीवर ऑक्सिजनचा दाब घटला की मानेतील रोहिणीलगतची संवेदक ग्रंथी ते ओळखते, आणि श्वसन आपोआप वाढते. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड घटून रक्त अल्कधर्मी होते, आणि तीच गोष्ट श्वसनाच्या पुढील वाढीस आवर घालते. मूत्रपिंडे काही दिवसांत बायकार्बोनेट बाहेर टाकून तोल सावरतात, तेव्हा हा अडसर दूर होतो. उंचीशी जुळवून घेणे म्हणतात ते मुख्यतः हेच, आणि त्यास दिवस लागतात. सपाटीवरील भरलेल्या हंड्याची उपमा येथे लागू पडत नाही, कारण हंडा आता खरोखरच रिता आहे. म्हणून श्वासाच्या पद्धतीचा येथे काही उपयोग संभवतो. तोही जोरापेक्षा संथपणातून कसा मिळतो, हे एका हिशेबाने कळेल. प्रत्येक श्वासातील सुमारे १५० मिलिलिटर हवा श्वासनलिकांतच राहून वाया जाते. मिनिटाला १२ वेळा ५०० मिलिलिटर हवा घेतली, तर ६ लिटरांपैकी ४.२ लिटर कामी येते. ६ वेळा १००० मिलिलिटर घेतली, तर तेवढ्याच ६ लिटरांपैकी ५.१ लिटर कामी येते. बिलो व सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४५५९ मीटरांवर मिनिटास सहा वेळा संथ व दीर्घ श्वसन केले असता रक्ताची ऑक्सिजन-संपृक्तता सुमारे ८० वरून ८९ टक्क्यांपर्यंत गेली. हा लाभ खरा आहे. परंतु तो क्रिया चालू असतानाचा आहे. झोपेत ती क्रिया चालू ठेवता येत नाही, आणि मूत्रपिंडांचे काम ती करीत नाही.

डच साधक विम हॉफ यांच्या पद्धतीविषयीचे संशोधन याच दृष्टीने वाचले पाहिजे. नायमेखन येथे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात प्रशिक्षित १२ जणांच्या रक्तात ॲड्रेनालिन वाढले आणि जिवाणुजन्य विषास होणारी दाहक प्रतिक्रिया अप्रशिक्षित १२ जणांपेक्षा कमी झाली. हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे, व त्याने आरोग्यविषयक नवे प्रश्न उभे केले. परंतु त्याच वर्षी या पद्धतीने ५८९५ मीटर उंचीच्या किलिमांजारोवर वेगाने चढलेल्या २६ जणांच्या गटाविषयी जे टिपण प्रसिद्ध झाले, त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. २०२४ साली या पद्धतीवरील प्रयोगांचा जो साकल्याने आढावा घेण्यात आला, त्यातही निष्कर्ष आशादायक असले तरी प्रयोगांची गुणवत्ता उणी असल्याचे म्हटले आहे. दुसऱ्या बाजूस, १९६२ च्या युद्धानंतर उंच सीमेवर नेलेल्या सैनिकांचा अनुभव आहे. इंदर सिंग व सहकाऱ्यांनी १९६९ साली ३३५० ते ५५०० मीटर उंचीवरील १९२५ सैनिकांतील उंचीच्या आजाराची नोंद प्रसिद्ध केली. हे सैनिक तरुण व काटक होते. तरीही वेगाने वर नेल्याचा परिणाम त्यांना चुकला नाही. ३००० मीटरांच्या पुढे झोपण्याची जागा दररोज ५०० मीटरांहून अधिक वर नेऊ नये, तीनचार दिवसांनी एक दिवस थांबावे, आणि लक्षणे वाढली तर खाली उतरावे, हा आजचा नियम अशाच अनुभवांतून आला आहे.

६

वरील विवेचनावरून तीन विधानांचा निर्णय वेगवेगळा द्यावा लागतो. प्राणायामाने ऑक्सिजनचा साठा होतो हे विधान टिकत नाही. त्याचा उगम ‘प्राणवायू’ या शब्दाच्या दुहेरी अर्थात आहे. शास्त्रीय लेखनात व पाठ्यपुस्तकांत त्या वायूस ‘ऑक्सिजन’ म्हणावे आणि ‘प्राणवायू’ हा शब्द पंचप्राणांच्या चर्चेसाठी राखावा, असे केल्यास हा घोटाळा बराच कमी होईल. श्वासाने थंडी जिंकणे ही तिबेटी साधनेची वाट आहे. मराठी परंपरेत शीतसहन व्रतात आणि तपात राहिले व प्राणायाम योगात राहिला, आणि हठग्रंथांनी त्यांची सरमिसळ होऊ नये अशीच दक्षता घेतली. उंचीच्या बाबतीत संथ श्वसन मर्यादित साहाय्य करते. क्रमाने चढण्याची जागा ते घेऊ शकत नाही.

मात्र या शेवटच्या मुद्द्यावर जुने ग्रंथ आणि आजचे वैद्यक खरोखर एकमेकांस भेटतात. सिंह, हत्ती आणि वाघ जसे हळूहळू वश करावे लागतात, तसाच प्राणही हळूहळू वश करावा, घाई केल्यास तो साधकाचाच घात करतो, असे ‘हठप्रदीपिका’ बजावते. तो ग्रंथ रचणाऱ्यासमोर हिमशिखरे नव्हती आणि मूत्रपिंडांचे कार्यही त्यास ठाऊक नव्हते. तरीही उंचीवर जाऊ पाहणाऱ्या आजच्या मराठी तरुणास या परंपरेतून घेण्यासारखे जे आहे, ते कोणत्याही श्वासक्रियेपेक्षा या एका सूचनेत, म्हणजे क्रमाच्या आग्रहात, अधिक आहे.